खंडेनवमीची प्लेट

सोलापूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात उष्णतेची प्रयोगशाळा आहे आणि तिथे गेली एकोणीस वर्षं जोतिराम परिचर आहे. परिचर हा शब्द कागदावर. पोरं त्याला मामा म्हणतात, प्राध्यापकही मामाच म्हणतात, आणि कुठला नट कुठल्या डब्यात आहे असं प्राचार्यांना विचारलं तर तेही म्हणतील, मामांना विचारा. मूळचा जेऊरकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. बाप आणि थोरला भाऊ कळपामागे रानोमाळ हिंडले. हा एकटाच शाळेत टिकला, करमाळ्याला फिटरचा कोर्स केला आणि सोलापुरात येऊन शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांत स्थिरावला. घरात बायको केराबाई आणि सायन्सला शिकणारी मुलगी पूनम. माणूस इतका सरळ की चुकून एखादा वॉशर खिशातून घरी आला तर दुसऱ्या दिवशी परत नेऊन डब्यात टाकणारा. म्हणूनच पुढे जे झालं ते त्याला एवढं लागलं. लबाडाला लाज पचते, सरळ माणसाच्या ती घशात अडकते.

त्याच प्रयोगशाळेत वैदेही मॅडम शिकवता शिकवता पीएचडी करत होत्या. विषय असा, की तापून लाल व्हायला आलेल्या पोलादावर पाण्याची धार मारली तर ते कसं आणि किती वेळात निवतं. ऐकणारा म्हणेल, यात काय मोठं, पाणी ओतलं की निवतंच. जोतिरामही आधी तेच म्हणाला होता. शिवाय ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं तिथे तापल्या लोखंडावर पाणी ओतत बसायचं, हे त्याला जरा उधळेपणाचंच वाटलं होतं. ते पाणी टाकीत परत जातं आणि तेच तेच फिरतं, हे कळल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला.

प्रयोग दिसायला साधा होता. तळहाताएवढी पोलादी प्लेट, खाली भट्टी, वर पाण्याची तोटी. प्लेटीच्या पोटात केसासारख्या बारीक तारा बसवलेल्या, त्या क्षणाक्षणाला तापमान कॉम्प्युटरला कळवत. सहाशे अंशांवर प्लेट गेली की मॅडम म्हणायच्या, "मामा, सोडा." जोतिराम झडप ओढायचा आणि धार बरोबर मध्यावर पडायची. गंमत अशी की पाणी पडूनही प्लेट भिजायची नाही. लई तापलेल्या तव्यावर शिंतोडा मारला की थेंब टुणटुण उड्या मारत पळतात, तसंच. खालच्या खाली वाफेची गादी तयार होते आणि पाणी तिच्यावरून घसरतं. नुसता सुंऽऽ आवाज येत राहतो. मग एका क्षणी ती गादी मध्यावर फाटते, तिथे रुपयाएवढा काळा ओला डाग पडतो, तडतड आवाज होतो, डाग पसरत कडेपर्यंत जातो आणि प्लेट बघता बघता थंड. तो डाग कधी पडतो, यावरच मॅडमचं सगळं शिक्षण अडलं होतं. जितका लवकर, तितकं चांगलं.

त्यांच्या प्लेटीवर तो चाळिसाव्या सेकंदाला पडायचा. एकोणचाळीस, नाहीतर एक्केचाळीस. जोतिरामला घड्याळ लागत नसे. सुंऽऽ मोडून तडतड सुरू झाली की पाठमोरा असला तरी तो म्हणायचा, "पडला डाग." आणि पडलेला असायचा. मॅडमना त्याच्या या कानाचं भारी कौतुक.

पहिल्याच दिवशी मॅडमनी एक गोष्ट त्याला बजावून सांगितली होती. "मामा, प्लेटीच्या तोंडाला बोट लावायचं नाही. बोटाचा ठसा उमटला तरी आकडे बदलतात. रोज सकाळी ॲसिटोननं पुसायची, तीही चिमट्यात कापूस धरून." जोतिरामने ते शब्द देवाच्या वाक्यासारखे पाळले. दोन वर्षांत त्याचं बोट प्लेटीला लागलं नाही. पोरं जवळ आली तरी तो खेकसायचा, "लांब व्हा की जरा, श्वास लागंल तिला!"

तिसरं वर्ष मात्र मॅडमना वाईट गेलं. दोन हीटर जळाले, तारा तुटल्या, आकडे काही केल्या चाळिसाच्या खाली येईनात. शेवटी त्यांनी तोटीचं तोंड वेगळ्या आकाराचं करून घेतलं आणि दसऱ्याआधी ते बसवलं. बसवताना म्हणाल्या, "आता हे शेवटचं, मामा. हेही चाललं नाही तर मी हात टेकले." डोळ्यांत पाणी होतं. जोतिरामला ते बघवलं नाही.

त्या आठवड्यात तो जेऊरला आईला भेटून आला. आई बाळाबाई ऐंशीच्या घरातली, पण जीभ अजून धारदार. त्याने मॅडमची हकिकत सांगितली तशी म्हातारी म्हणाली, "खंडेनवमीला पुजतोस का त्या यंत्राला?"

"पुजतो की. कपाटाला हार घालतो, पंपाला कुंकू लावतो."

"कपाटावर पोट हाय व्हय तुजं? आपण काय मेंढवाड्याच्या काट्या पुजतो? कातर पुजतो. ज्या हत्यारानं काम हुतं त्यालाच तेल-शेंदूर लागला पायजे. त्या बाईच्या पाटीला तू उपाशी ठिवलंय, मग ती कशी पावंल?"

आता शिकलेला माणूस यावर हसेल. जोतिराम हसला नाही. त्यांच्या घरात लोकर कातरायच्या कातरीला खंडेनवमीला तेलात कालवलेला शेंदूर फासून वर हळदीची बोटं ओढतात, आणि त्या दिवशी कातर कुणी हातात घेत नाही. हे त्याने जन्मापासून पाहिलेलं. खंडेनवमीला कॉलेजला सुट्टी होती आणि किल्ली त्याच्याकडेच. त्याने प्रयोगशाळा उघडली, हात धुतले, आणि दोन वर्षं ज्या प्लेटीला श्वास लागू दिला नाही तिच्यावर अंगठ्याने तेल-शेंदूर चोळला. वर हळदीची पाच बोटं ओढली. हात जोडून म्हणाला, "बाईंचं काम होऊ दे." स्वतःसाठी त्याने काहीच मागितलं नाही, एवढं मात्र त्याच्या बाजूने लिहून ठेवायला हवं.

दसऱ्यानंतर कॉलेज उघडलं. सकाळी त्याने ॲसिटोनची बाटली काढली खरी, पण देवाची हळद त्या घाणेरड्या वासाच्या औषधाने पुसायची त्याच्या जिवावर आली. त्याने कोरड्या फडक्यानेच प्लेट पुसली. वरवर स्वच्छ दिसली. भट्टी पेटली, प्लेट तापली आणि राहिलासाहिला थर तिच्यावर भाजून बसला, ॲसिटोननेही निघू नये असा.

मॅडम म्हणाल्या, "मामा, सोडा." धार पडली. सुंऽऽ सुरू झालं आणि जोतिराम वही घ्यायला वळला, तोच मागे तडतड झाली. वही तिथेच राहिली. कॉम्प्युटरवर आकडा होता बावीस सेकंद.

मॅडम खुर्चीवरून उठल्याच. "मामा! तोटी चालली!" दुसऱ्यांदा केलं, तेवीस. तिसऱ्यांदा, बावीस. चार दिवसांत नऊ वेळा प्रयोग झाला आणि आकडा पंचविसाच्या वर गेला नाही. मॅडमनी सगळ्या विभागाला पेढे वाटले. पहिला पेढा जोतिरामच्या हातावर ठेवला.

पेढे वाटण्याआधी त्यांनी वाकून प्लेट बघितली होती आणि विचारलं होतं, "हा मध्ये तपकिरी डाग कसला, मामा?"

तोंडातून नुसतं 'मॅडम, माझं चुकलं' एवढंच निघालं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण जोतिराम म्हणाला, "तापून आला असंल की."

आयुष्यातलं पहिलं मोठं खोटं त्याने असं उभ्या उभ्या बोलून टाकलं. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला ते निभावताही येत नाही. दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगशाळा रिकामी होती, तेव्हा तो परत तिथे गेला आणि पॉलिश पेपरने प्लेट घासघासून पूर्वीसारखी लख्ख केली. त्याला वाटलं, झालं, प्लेट पहिल्यासारखी, आपलं पापही गेलं. मॅडमचे प्रयोग संपले होते, त्या लिहायला बसल्या होत्या. पाप गेलं नव्हतं. गेला होता तो फक्त पुरावा.

मॅडमनी तोटीच्या नव्या तोंडावर अख्खा प्रबंध लिहिला. एप्रिलमध्ये तो तपासणाऱ्या बाहेरच्या परीक्षकांनी एकच ओळ लिहून पाठवली, की हा प्रयोग आमच्या माणसासमोर पुन्हा करून दाखवावा. मॅडम आनंदाने तयार झाल्या. तीच तोटी, तीच प्लेट, तेच पाणी. धार सुटली. जोतिराम भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि मनातल्या मनात मोजत होता. बावीस गेले, तीस गेले. सुंऽऽ चालूच. चाळिसाव्या सेकंदाला तडतड झाली. पुन्हा केलं, एक्केचाळीस. आलेल्या माणसाने नुसतं वहीत लिहिलं आणि चहा न घेता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख हृषीकेश सरांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. तेच त्यांचे मार्गदर्शकही होते. जोतिराम कपाटातली जुनी वही द्यायला गेला आणि तिथेच अडकला.

"वैदेही, मला खरं सांगा," सर म्हणाले. "ते नऊ आकडे तुम्ही घेतलेत की लिहिलेत?"

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. "सर, मी घेतलेत."

"मग काल का आले नाहीत? तेव्हा प्लेटीवर काही होतं का? तेल, मळ, काही?"

"शक्यच नाही." मॅडमनी जोतिरामकडे हात केला. "प्लेट मामांच्या ताब्यात असते. एक वेळ माझ्या हातून चूक होईल, मामांच्या हातून नाही. मी त्यांची शपथ घेऊन सांगते."

सरांनी जोतिरामकडे बघितलं. "काय मामा?"

त्याने मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. पण सरांनी ती मॅडमच्या बाजूने धरली. बाहेर आल्यावर मॅडम त्याला म्हणाल्या, "थँक्यू मामा." मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्याला त्या दिवशी कॉलेजच्या व्हरांड्यात कळलं.

तेव्हापासून त्याला जेवण जाईना. कुणी दोघं बोलताना दिसले की वाटायचं, आपल्याबद्दलच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. प्लेट पुसताना तो तिच्याकडे बघायचासुद्धा नाही. केराबाईने विचारलं तर म्हणायचा, उन्हानं झालंय. सोलापूरचं एप्रिल-मेचं ऊन, कुणालाही पटावं असं कारण.

मे महिन्यात मॅडमनी त्याच्याकडे एक जाडजूड बाड दिलं. "मामा, हे घरी राहू दे तुमच्याकडे. मी प्रबंध मागे घेतेय. उद्या पत्र देणार, की मोजण्यात माझी चूक झाली. नोकरीचं काय ते बघू पुढे. पण यात एका पानावर तुमचं नाव आहे, ते फाडून टाकवेना."

घरी पूनमने ते पान काढलं. इंग्रजी होतं. ती आधी मनाशी वाचून हसली, मग मराठीत सांगितलं, "मॅडमनी सगळ्यांचे आभार मानलेत. सर, आई, वडील. आणि शेवटी, जोतिराममामांची मी ऋणी आहे. त्यांच्या स्वच्छ हातांशिवाय हे काम उभं राहिलं नसतं. पप्पा, छापलंय हो तुमचं नाव!"

पोरीचा चेहरा फुलला होता. केराबाईने पदराने हात पुसून ते पान हातात घेतलं, वाचता येत नसताना बघितलं. जोतिराम उठून मोरीत गेला आणि हात धुवत बसला. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं, बादलीतलं साठवणीचं होतं, ते त्याने संपवलं. बायको ओरडली तेव्हा थांबला.

सकाळी कॉलेज उघडायच्या आधी तो प्रयोगशाळेच्या दारात उभा होता. हातात स्टीलचा डबा. मॅडम आल्या, खांद्यावरच्या पिशवीतून पत्राचं पाकीट डोकावत होतं.

"मॅडम, ते पत्र देऊ नका," तो म्हणाला. "तुमचं काय चुकलं न्हाय. प्लेटीला शेंदूर म्या लावला हुता."

"काय लावला?"

"तेल, शेंदूर, हळद. ह्या डब्यात हाय, त्येच. खंडेनवमीला. पूजा केली."

मॅडमना कळायला वेळ लागला. मग एकेक प्रश्न आला, आणि प्रत्येक प्रश्न त्याला आधीपासून पाठ होता.

"मी तो डाग दाखवला तेव्हा?"

"खोटं बोललो."

"आणि आता ती प्लेट?"

"दिवाळीत घासली. तुमाला कळू नये म्हून."

त्या स्टुलावर बसल्या. रागावल्या असत्या, दोन शब्द वाईट बोलल्या असत्या, तर जोतिरामला बरं वाटलं असतं. त्या पाण्याच्या टाकीकडे बघत हळूच म्हणाल्या, "मी तुमची शपथ घेतली होती, मामा."

यावर काही बोलण्याची त्याची लायकी उरली नव्हती, असं त्याला मनापासून वाटत होतं आणि ते खोटंही नव्हतं.

मॅडम शेवटी उठल्या. त्यांनी हृषीकेश सरांना बोलावून घेतलं, सगळं सांगितलं आणि जोतिरामला म्हणाल्या, "डबा उघडा. खंडेनवमीला जे जसं केलं, तसंच करायचं. काही कमी नाही, काही जास्त नाही."

आणि मग ते झालं, जे जोतिराम मरेपर्यंत विसरणार नाही. त्याने तेलात शेंदूर कालवला. सर मोबाइलवर त्याचा व्हिडिओ घेत होते. मॅडमनी अंगठ्याला किती लागला ते वजनकाट्यावर मोजून घेतलं. त्याने प्लेटीवर शेंदूर चोळला, हळदीची बोटं ओढली आणि थांबला.

"पुढे?" मॅडमनी विचारलं.

"पुढं हात जोडले हुते."

"मग जोडा."

त्याने जोडले. डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे हेच त्याला कळेना. आयुष्यभर ज्या देवापुढे त्याने कधी खोटा नमस्कार केला नव्हता, त्याच्यापुढे तो आज पुराव्यासाठी हात जोडून उभा होता.

कोरडं फडकं फिरवलं. भट्टी पेटली. सहाशे अंश झाले. मॅडम नेहमीसारखं "मामा, सोडा" म्हणाल्या नाहीत. झडप त्यांनी स्वतः ओढली. सुंऽऽ सुरू झालं आणि तेविसाव्या सेकंदाला तडतडलं. जोतिराम सवयीने "पडला डाग" म्हणायला गेला आणि गप्प बसला.

सरांचे डोळे मात्र चमकले. ते प्लेटीवर वाकले. "अहो, हा थर पातळ आहे, पण उष्णता खालून वर भराभर येऊ देत नाही. त्यामुळे वरचा पापुद्रा आधी निवतो आणि पाणी तिथे बूड टेकतं. वैदेही, तुमचे आकडे खरे होते. कारण चुकलं होतं." मग जोतिरामकडे वळून त्यांचा आवाज बदलला. "यांना मेमो द्यावा लागेल."

"नको सर," मॅडम म्हणाल्या. "ते बोलले नसते तर कुणाला कळलं नसतं."

प्रबंध बचावला, पण फुकटात नाही. तोटीचं अख्खं प्रकरण काढून टाकावं लागलं, थरावर नव्याने प्रयोग करावे लागले, सहा महिने गेले. त्या सहा महिन्यांत जोतिराम भट्टी पेटवायचा, पाणी भरायचा, आकडे लिहायचा. सगळं तसंच होतं. फक्त संध्याकाळी मॅडम प्लेट कपाटात ठेवून कुलूप लावत आणि किल्ली आपल्या पर्समध्ये टाकत. पहिल्या दिवशी किल्लीसाठी त्याचा हात सवयीने पुढे झाला होता. त्यांनी तो बघितला, त्यानेही बघितला, आणि हात खिशात गेला. पुन्हा तो हात कधी पुढे आला नाही.

पुढच्या खंडेनवमीला त्याने कपाटाला हार घातला, पंपाला कुंकू लावलं आणि घरी आला.

दिवाळीनंतर मॅडमना पदवी मिळाली. त्यांनी नव्या प्रबंधाची एक प्रत त्याच्या हातात ठेवली. "तुमचं नाव आहे यातही," एवढंच म्हणाल्या. पूर्वीसारखं बोलायला त्यांना जमत नव्हतं आणि ते त्यांनाही बरं वाटत नव्हतं, हे त्याला दिसलं.

घरी पूनमने ते पान काढलं. "मागचं वाक्य नाहीये पप्पा. स्वच्छ हाताचं. ते काढलंय." मग तिने पुढचं वाचलं. "जोतिराममामांची मी ऋणी आहे. त्यांनी खरं सांगितलं."

जोतिरामने मान पुढे करून पान बघितलं. मग त्याने विचारलं, "किती महिन्यांनी सांगितलं, ते लिवलंय का?"

"नाही."

"परत बग नीट."

पूनमने पान उलटून बघितलं, मागचं बघितलं. "नाही लिहिलेलं, पप्पा."

"सात," जोतिराम म्हणाला. "लिवायला पायजे हुतं."